तीन चेंबर, एकच पेव: लिस्टमधल्या लिस्टचा घोळ

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का तेही ताडून पाहता येईल. तासगाव रस्त्याला तुमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज आहे. तीन चेंबर, प्रत्येकात चार रॅक. कुठल्या रॅकवर किती बॉक्स आहेत याचा हिशोब ठेवायला तुम्ही पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिलात. पहिल्या चेंबरच्या दुसऱ्या रॅकवर २५० बॉक्स चढवले, तर तिन्ही चेंबरच्या दुसऱ्या रॅकवर २५० दिसायला लागले. संध्याकाळी एकूण शिल्लक काढली तर ती खऱ्या आवकेच्या बरोबर तिप्पट. कुणीतरी 'डीपकॉपी कर' (म्हणजे आतल्या मालासकट नक्कल काढ) म्हणून सांगितलं, तीही लावून पाहिली, फरक शून्य. एका चेंबरची अख्खी ओळच नव्याने दिली तर मात्र तेवढ्या एकाच चेंबरमध्ये बदल झाला. आणि सगळ्यात चक्रावणारं म्हणजे, डेटा जेसन फाइलमध्ये (डेटा साध्या मजकुरात ठेवायची पद्धत) साठवून रात्री संगणक बंद केला, सकाळी तीच फाइल उघडली, तर नव्या नोंदी जिथल्या तिथे पडायला लागल्या. रात्रीत आजार आपोआप बरा! शेवटी तुम्ही विचारलंय, पायथनमध्येच बग आहे का?

नाही. पण असं वाटणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. मीही एके काळी भाषेलाच शिव्या घालून बसलो होतो, ते पुढे सांगतो. तुमची सगळी लक्षणं एकाच रोगाची आहेत आणि मूळ तुमच्या पहिल्याच ओळीत आहे:

कोठार = [[०] * ४] * ३

(कोड इथे देवनागरीतच लिहितोय. पायथन ३ मध्ये 'कोठार' असं चलाचं नाव खरोखर चालतं. आकडे आणि 'फॉर', 'इन' यांसारखे शब्द मात्र टाइप करताना इंग्रजीतच टाका. मोजणी शून्यापासून असते, त्यामुळे पहिला चेंबर म्हणजे ० आणि दुसरा रॅक म्हणजे १.)

ही ओळ वाचताना आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? चार शून्यांची एक ओळ, आणि तशा तीन ओळी. प्रोग्राम छापूनही तेच दाखवतो. पहिली नोंद पडेपर्यंत बरोबर आणि चूक यांत बघून काही फरक कळत नाही, खरा सापळा तो. प्रत्यक्षात पायथनने ओळ एकदाच बनवली आणि तिन्ही जागांवर त्या एकाच ओळीचा पत्ता ठेवला.

आता हे 'पत्ता ठेवला' प्रकरण नीट समजून घेऊ, कारण बाकी सगळं त्यातूनच सुटतं. मी हरिपूरचा. कृष्णा आणि वारणा जिथे भेटतात ते गाव, सांगलीच्या हळदीची पेवं तिथलीच. नव्या पिढीसाठी सांगतो: पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं, रांजणासारखं. तोंड बंद केलं की आत हवा नाही, कीड नाही. माझे आजोबा तिथे दिवाणजी होते. ते सांगायचे की व्यापाऱ्याच्या हातात हळद नसायची, चिठ्ठी असायची: अमुक पेव, इतकी पोती. सौदा झाला की चिठ्ठी या हातातून त्या हातात जायची. हळद जमिनीखाली जागची हलायची नाही.

पायथनची लिस्ट म्हणजे अशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा. लिस्टच्या खणात माल कधीच नसतो, माल कुठे आहे त्याची चिठ्ठी असते. सध्याच्या ६४ बिट यंत्रांवर नेहमीच्या पायथनमध्ये ही चिठ्ठी आठ बाइटची असते, मग माल एक आकडा असो की लाखभर नोंदींची लिस्ट. आणि लिस्टला तीनने गुणलं की गुणाकार चिठ्ठ्यांचा होतो, मालाचा होत नाही. एकाच पेवाच्या तीन चिठ्ठ्या फाडल्या गेल्या. तुमचे तीन चेंबर म्हणजे तीन चिठ्ठ्या आणि खाली एकच पेव. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, तेव्हा चिठ्ठ्या कपाटात कोरड्याच राहिल्या असतील. भिजायची ती हळद भिजलीच. चिठ्ठ्या किती जणांकडे आहेत हे पाणी विचारत नाही.

मग लगेच शंका येते: आतल्या [०] * ४ मध्येही शून्याची एकच चिठ्ठी चार वेळा फाडली ना? मग एका रॅकवर २५० लिहिले तर चारही रॅकवर का दिसत नाहीत? शंका रास्त आहे, आणि शिकवणारे बरेच जण ती उडवून लावतात. चारही चिठ्ठ्या खरोखरच एकाच शून्याच्या आहेत. पण आकडा ही पायथनमध्ये न बदलणारी वस्तू आहे. तुम्ही रॅकवर २५० लिहिता तेव्हा शून्याचे २५० होत नाहीत. त्या खणातली जुनी चिठ्ठी काढून २५० ची नवी ठेवली जाते. शेजारच्या खणाला त्याचा पत्ताही नसतो. लिस्ट मात्र आतून बदलता येते. म्हणून न बदलणारी वस्तू कितीही जणांत वाटली तरी कुणाचं बिघडत नाही, बदलणारी वस्तू वाटली की भांडण.

हे डोक्यात ठेवून तुमची लक्षणं बघा.

कोठार[०][१] = २५० या ओळीचा अर्थ: कोठारच्या पहिल्या चिठ्ठीवरून पेव गाठा, आणि त्या पेवाच्या आतला दुसरा खण बदला. पेव एकच असल्याने कुठल्याही चिठ्ठीवरून गेलात तरी २५० च दिसणार. याउलट कोठार[०] = [१०, २०, ३०, ४०] लिहिलंत तेव्हा पेवात कुणी उतरलंच नाही. पहिल्या खणातली चिठ्ठी फाडून नव्या पेवाची ठेवली. म्हणून तेवढाच चेंबर बदलला. दोन्ही ओळींत बरोबरचं चिन्ह तेच, पण एका ठिकाणी माल हलतो आणि दुसऱ्या ठिकाणी चिठ्ठी. लिस्टच्या बाबतीत 'ओळ += [५]' आणि 'ओळ = ओळ + [५]' यांतही हाच फरक आहे. पहिलं आहे त्याच पेवात भर घालतं, दुसरं नवं पेव खणतं. पुस्तकं दोन्ही एकच असल्यासारखी शिकवतात याचा मला राग येतो.

तिप्पट शिल्लक आता सोपी झाली. आवक कुठल्याही चेंबरची असो, तुम्ही += ने मिळवत गेलात आणि सगळी एकाच ओळीत साठत गेली. बेरीज करताना ती ओळ तीनदा मोजली. माझ्या अनुभवात ही फार उपयोगी खूण आहे. बेरीज कशीही चुकली तर नोंद चुकली म्हणायचं. बरोबर दुप्पट, तिप्पट, दहापट आली तर एकच वस्तू तितक्यांदा मोजली जातेय असा संशय आधी घ्यायचा.

डीपकॉपीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तो सल्ला ऐकायला बरोबर आहे आणि लागू पडत नाही. तुम्ही बहुधा असं केलंत:

कोठार = डीपकॉपी([[०] * ४] * ३)

साधी कॉपी फक्त बाहेरचा गठ्ठा नवा करते, चिठ्ठ्या त्याच. डीपकॉपी खाली उतरून मालाचीही नक्कल करते, इथपर्यंत खरं. पण ती उतरताना एक वही ठेवते: कुठल्या पत्त्याच्या वस्तूची नक्कल झाली आणि ती कुठे ठेवली. पहिल्या चेंबरची ओळ आली, नक्कल केली, वहीत लिहिलं. दुसऱ्या चेंबरला पाहिलं तर पत्ता तोच. वहीत सापडला, मग नवी नक्कल कशाला? तयार नकलेचीच चिठ्ठी ठेवली. तिसऱ्यालाही तेच. म्हणजे जुन्या एका पेवाच्या जागी नवं एक पेव आलं, चिठ्ठ्या तीनच्या तीन. हा तिचा दोष नाही, तिचं कामच मूळ रचना जशीच्या तशी उतरवणं आहे. ही वही नसती तर स्वतःचीच चिठ्ठी पोटात बाळगणाऱ्या लिस्टची नक्कल करताना ती कायमची गोल फिरत बसली असती. डीपकॉपी वापरायचीच तर प्रत्येक चेंबरसाठी वेगळी हाक मारा, म्हणजे दर वेळी वही कोरी असेल (नमुना म्हणजे चार शून्यांची एक ओळ):

कोठार = [डीपकॉपी(नमुना) फॉर _ इन रेंज(३)]

आणि रात्रीत बरा झालेला आजार? जेसन फाइलमध्ये चिठ्ठ्या लिहायची सोयच नाही, तिथे मजकूर जातो. लिहिताना पायथन पहिल्या चिठ्ठीवरून गेला, चार आकडे उतरवले, दुसरीवरून गेला, पुन्हा तेच चार आकडे, तिसऱ्यांदा तसंच. सकाळी वाचताना तीन वेगवेगळ्या ओळी दिसल्या, त्याने तीन वेगवेगळ्या लिस्ट बनवल्या. नकळत तीन पेवं खणली गेली. गंमत म्हणजे हाच डेटा तुम्ही पिकलने (पायथनची स्वतःची साठवायची पद्धत) साठवला असता तर सकाळीही घोळ कायम राहिला असता, कारण पिकल डीपकॉपीसारखीच पत्त्यांची वही ठेवतं आणि कोण कुणाशी जोडलेलं होतं ते लक्षात ठेवतं. पण ताई, सकाळी आजार बरा झाला म्हणजे आदल्या दिवशीचं नुकसान भरून निघालं असं नाही. तिन्ही चेंबरच्या माथी मारलेले चुकीचे आकडे तसेच आहेत, आता फक्त वेगवेगळे नांदताहेत. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

दुरुस्ती एका ओळीची:

कोठार = [[०] * ४ फॉर _ इन रेंज(३)]

कंसातला [०] * ४ प्रत्येक फेरीला नव्याने चालतो, म्हणून तीन फेऱ्यांत तीन वेगळ्या लिस्ट. आतला गुणाकार आकड्यांचा आहे, तो राहू द्या, निरुपद्रवी आहे.

निरुपद्रवी आहे, पण आजपुरताच. माझा अंदाज असा की महिनाभरात तुम्हाला नुसते बॉक्स पुरणार नाहीत. कुणाचा लॉट, कधी आला, १५ किलोचे किती बॉक्स, हे हवं होईल. मग रॅकवर आकड्याऐवजी लॉटची लिस्ट ठेवाविशी वाटेल आणि हात सवयीने लिहील:

कोठार = [[[]] * ४ फॉर _ इन रेंज(३)]

चेंबर आता वेगळे आहेत, पण एका चेंबरचे चार रॅक पुन्हा एकच पेव झाले! ही अर्धवट दुरुस्ती पहिल्या चुकीपेक्षा वाईट. पहिल्यात सगळीकडे बोंब होती म्हणून लगेच सापडली. यात एखाद्या शेतकऱ्याचा लॉट चेंबर बरोबर दाखवतो आणि रॅक चुकीचा, आणि हमाल थंडीत चारही रॅक शोधत बसतात. गुणाकाराच्या चिन्हाच्या डावीकडे, कंसाच्या आत आकडा किंवा अक्षरं असतील तर खुशाल गुणा. लिस्ट किंवा डिक्शनरी (जिथे किल्ली सांगून माल काढतात) असेल तर त्या पातळीवर फॉर लावा. इथे दोन्ही पातळ्यांवर:

कोठार = [[[] फॉर _ इन रेंज(४)] फॉर _ इन रेंज(३)]

शंका आली तर छापून बघत बसू नका, छापलेलं तुम्हाला फसवतं हे एकदा झालंय. 'कोठार[०] इज कोठार[१]' एवढं विचारा. ट्रू आलं तर दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेवाच्या. 'इज'च्या जागी बरोबरची दोन चिन्हं वापरली तर प्रश्न बदलतो: दोन पेवांतला माल सारखा आहे का? दोन वेगळ्या पेवांत सारखी हळद असू शकतेच. मी स्वतः अशा तक्त्यांच्या लगेच खाली एक असर्ट (अट खोटी ठरली की प्रोग्राम थांबवणारी ओळ) टाकून ठेवतो, सगळ्या ओळींचे आयडी, म्हणजे पत्ते, सेटमध्ये (एकच गोष्ट दोनदा न ठेवणाऱ्या गठ्ठ्यात) घालून त्यांची संख्या ओळींच्या संख्येइतकी भरते का ते बघणारा. खर्च शून्य, झोप शांत.

आता माझी शिव्या घालण्याची गोष्ट. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी मी शेतकऱ्याची पट्टी छापणारा प्रोग्राम लिहिला होता. फंक्शनला दोन गोष्टी द्यायच्या, शेतकरी आणि कपातींची लिस्ट. कपात दिली नाही तर रिकामी लिस्ट धरायची, म्हणून मी डेफच्या, म्हणजे फंक्शन जिथे सुरू होतं त्या, ओळीतच 'कपाती=[]' लिहून मोकळा झालो आणि फंक्शनच्या आत हमाली, तोलाई त्या लिस्टमध्ये जोडत गेलो. पहिली पट्टी अगदी बरोबर. दुसऱ्या पट्टीत हमाली दोनदा. तिसरीत तीनदा. मी चाचणी एकाच शेतकऱ्यावर केली होती, त्यामुळे सगळं छान दिसलं होतं. सौद्याच्या दिवशी रांगेत शेवटी उभ्या असलेल्या आजोबांच्या पट्टीत कपातींचं अक्षरशः पेव फुटलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाले, "पोरा, हळद माझी हाय का समद्यांची?" निदान त्यांनी माझ्याआधी केलं. डेफची ओळ पायथन एकदाच वाचतो आणि तेव्हा बनलेली ती एकच रिकामी लिस्ट प्रत्येक हाकेला पुन्हा हातात देतो. उपाय: तिथे 'नन' (म्हणजे काहीच नाही) ठेवा आणि फंक्शनच्या आत, नन आलं असेल तर, नवी लिस्ट बनवा. डिक्शनरीच्या 'फ्रॉमकीज'ला रिकामी लिस्ट दिली तरी हीच गत, सगळ्या किल्ल्यांना एकच लिस्ट.

पायथन असं का करतो, याचं उत्तर एका वाक्यात: फंक्शनला दिलेली किंवा दुसऱ्या नावाने ठेवलेली प्रत्येक लिस्ट दर वेळी उतरवून काढायची म्हटली तर लाखभर नोंदींचा प्रोग्राम नकला करण्यातच दमेल. चिठ्ठी देणं स्वस्त पडतं. इतर भाषांतही हेच चालतं. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली ॲरेला (तिथली लिस्ट) 'फिल' आलं. त्यात रिकामा ॲरे भरला की सगळे खण एकाच ॲरेवर. रुबीत 'ॲरे न्यू'ला दुसरा घटक म्हणून ॲरे दिला तर घोळ, महिरपी कंसातला ब्लॉक दिला तर ठीक. पर्लची तऱ्हा आणखी वेगळी, साध्या कंसात कंस घातला तर तो आतला कंस मोडून सगळं एका ओळीत सपाट करतो. उलट पीएचपीत ॲरे दुसऱ्या नावाला दिला की तो नकलेसारखाच वागतो (खरी नक्कल पहिल्या बदलाच्या वेळी होते), म्हणून पीएचपीतून पायथनकडे आलेली आमच्याकडची पोरं पहिल्या आठवड्यात हमखास इथेच आपटतात. नमपायमध्ये (आकड्यांच्या तक्त्यांसाठीची पायथनची जोड) शून्यांचा तक्ता मागितलात तर ओळी खऱ्या वेगळ्या मिळतात, पण तिथे तक्त्याचा तुकडा कापून घेतला तर तो मूळ तक्त्याचीच खिडकी असतो. पायथनच्या लिस्टचा तुकडा नवा गठ्ठा असतो. या दोन सवयी एकमेकींत मिसळू नका.

मला विचाराल तर तुमच्या कामाला लिस्टमधली लिस्ट हवीच कशाला? चेंबर आणि रॅक यांची जोडी हीच किल्ली करून साधी डिक्शनरी ठेवा: शिल्लक[(०, १)] = २५०. आत दुसरी लिस्टच नाही, तर सामायिक कोण होणार? शिवाय उद्या तिसऱ्या चेंबरला पाचवा रॅक बसवला तर तक्ता मोडून बांधायला नको. फक्त अशी जोडीची किल्ली जेसनला चालत नाही, साठवताना ती '०-१' अशी मजकुरात करावी लागेल.

त्याहून बरं म्हणजे नुसती शिल्लक साठवूच नका. तुमच्या वडिलांनी रोजकीर्द लिहिली असेल आणि तिच्यावरून खतावणी काढली असेल. शिल्लक हा त्यातून निघणारा आकडा. प्रोग्राममध्येही तसंच करा. प्रत्येक आवक-जावक एक ओळ: तारीख, शेतकरी, चेंबर, रॅक, बॉक्स. शिल्लक हवी तेव्हा बेरीज करा. एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) पायथनसोबत २००६ पासून, म्हणजे २.५ आवृत्तीपासून, आयतंच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. तुमच्या आकाराच्या धंद्याला ते वर्षानुवर्षं पुरेल.

राहिला पहिल्या दिवसाचा डेटा. फाइलमधल्या आकड्यांवरून तो वेगळा करता येणार नाही, त्यात वेळ घालवू नका. दुसऱ्या रॅकवर तिन्ही चेंबर मिळून किती बॉक्स आले एवढंच त्यात उरलंय, कुठल्या चेंबरला किती गेले ही माहिती लिहिलीच गेली नाही. त्या दिवसाची आवक वही घ्या, गाड्यांच्या पावत्या घ्या, आणि शून्यापासून पुन्हा भरा. दुसऱ्या दिवसापासूनच्या नोंदी त्यावर चढवा. दर रॅकची तिन्ही चेंबरची बेरीज पहिल्या रात्रीच्या फाइलमधल्या त्या रॅकच्या एका आकड्याशी जुळली पाहिजे. मधे तुम्ही एका चेंबरची ओळ नव्याने दिली होती, तिथे ती जुळणार नाही. तो चेंबर मात्र टोळीच्या मुकादमाला सोबत घेऊन आत जाऊन मोजावा लागेल. स्वेटर घालून जा.